सरांकडे चिकटण्याआधी : ठाणे-नवी मुंबईत खासगी प्रॅक्टिसला सुरुवात करणाऱ्या डॉक्टरांसाठी

एमडी-एमएसचा निकाल लागला, बाँडचं वर्ष संपलं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नव्या पदवीची नोंद करून झाली, की पुढचा फोन बहुतेकदा ओळखीतूनच येतो. "घोडबंदरला सरांचं नवीन सेंटर होतंय, कुणीतरी होतकरू पाहिजे त्यांना. भेटून घे." भेट होते, चहा होतो. कुठून केलंस, कोणाच्या युनिटला होतास, राहतोस कुठे, सगळं विचारून होतं. पैशाचा विषय निघालाच तर "ते बघू रे, तू आधी ये तर" एवढ्यावर मिटतो. सोमवारपासून माणूस ओपीडीला बसायला लागतो, आणि काय ठरलं होतं हे सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

हा लेख त्या चहाच्या आधी वाचायचा आहे.

माझं म्हणणं एकच. मोबदला आणि शिकवण ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली तूट दुसऱ्यातून भरायची नाही. "पैसे कमी आहेत, पण शिकायला मिळतंय" हे वाक्य ज्युनिअरला धीर देतं आणि सिनियरच्या सोयीचं असतं. "पैसे वेळेवर देतो, आणखी काय पाहिजे" हे त्याचंच दुसरं टोक. दोन्ही खाती वेगळी लिहायची, दोन्हींचा हिशोब वेगळा मागायचा.

पहिली पायरी : आपण कोण म्हणून जातोय?

बोलणी फिसकटतात ती बऱ्याचदा रकमेवरून नाही. सर एक व्यवस्था डोक्यात धरून बोलतात, आपण दुसरी. पगारी डॉक्टर, म्हणजे ठरलेली ड्यूटी आणि ठरलेली रक्कम. असोसिएट, म्हणजे मिनिमम गॅरंटी (ठरलेली किमान रक्कम) किंवा टक्केवारी, नाहीतर दोन्ही. भाड्याचा स्लॉट, म्हणजे सरांच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळचे दोन तास आपले, भाडं आपण देणार, पेशंट आणि फी आपली. आणि पार्टनर. पहिल्या भेटीत "पुढे पार्टनरच होशील" असं कुणी म्हणालं तर आनंद मानावा, पण हिशोब असोसिएटचाच करावा.

यात एक खाच आहे. अनेक हॉस्पिटलांत वेळ ठरलेली असते, अंगठ्याची हजेरी असते, रजेला परवानगी लागते, पण कागदावर तुम्ही 'कन्सल्टंट' असता आणि पैसे 'प्रोफेशनल फी' म्हणून १० टक्के टीडीएस कापून येतात. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. कायद्याने ठरलेली २६ आठवड्यांची मातृत्व रजा कर्मचारी असलेल्या बाईला मिळते. कन्सल्टंट म्हटलं की तिचा आग्रह धरायला कागदावर आधार उरत नाही. म्हणून फीचा आकडा पगाराच्या आकड्याशी तसाच्या तसा ताडून बघू नका. महिन्याला ९० हजार पगार आणि महिन्याला ९० हजार फी या दोन वेगळ्या रकमा आहेत.

फीची बाजूही मांडतो. वर्षाची ढोबळ जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांच्या आत), तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायची सोय डॉक्टरांना आहे. सगळ्या खर्चाच्या वह्या ठेवत बसावं लागत नाही. उपचारसेवेवर जीएसटी नाही, आणि हॉस्पिटलने बोलावलेल्या कन्सल्टंटच्या फीवरही तो नाही, हे २०१८ च्या खुलाशात सरकारने स्पष्ट केलं आहे. तेव्हा "जीएसटी कापला" असं अकाउंट्सवाल्याने सांगितलं तर कागद मागा. व्यवसाय कर मात्र आहे, वर्षाला अडीच हजार. सीएकडे पहिल्याच महिन्यात जा, मार्चमध्ये नको.

दुसरी पायरी : जागा बघा, आणि आधीच्या माणसाला फोन करा

नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड या जुन्या ठाण्यात दवाखाने पिढ्यान्‌पिढ्या एका जागी आहेत. आता त्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जातायत, आणि सर घोडबंदर पट्ट्यात, वाघबीळ-कासारवडवलीकडे दुसरं क्लिनिक काढतायत. नव्या ज्युनिअरला बसवलं जातं ते तिथे. जुना पेशंट नौपाड्यातून वाघबीळला येत नाही. त्यामुळे "माझी तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे" हे खरं असलं तरी तुमच्या खुर्चीसमोर पहिल्या वर्षी ती प्रॅक्टिस येणार नाही. तिथला पेशंट तुम्ही मिळवणार आहात, आणि टक्केवारी ठरवताना हे लक्षात ठेवायचं.

नवी मुंबईत गणित निराळं. वाशी-नेरुळला जम बसलेले कन्सल्टंट भरपूर, मोठी हॉस्पिटलंही हाकेच्या अंतरावर. उलवे, तळोजा, खारघरचे नवे सेक्टर इथे तरुण कुटुंबं जास्त, म्हणजे बालरोग आणि स्त्रीरोगवाल्यांना लवकर काम. हृदयविकाराच्या डॉक्टरला तिथे थोडं थांबावं लागतं.

प्रवासाचा वेळ पैशात धरा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-नेरुळ गाठता येतं, पण रात्री अडीचच्या कॉलला ट्रेन नसते. आणि घोडबंदर रोडबद्दल ठाणेकराला मी काय सांगणार! इमर्जन्सी कव्हर करायची असेल तर घर अर्ध्या तासाच्या आत हवं, किंवा हॉस्पिटलमध्ये झोपायला खोली आणि धड बाथरूम हवं. खोली दाखवा म्हणा. लाजू नका.

मग सगळ्यात उपयोगी काम : आधीचा ज्युनिअर शोधा. तो का गेला, शेवटचा हिशोब मिळाला का, आणि सर आजही त्याच्याशी बोलतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर पहिल्या दोनांची फार काळजी करू नका. आधी ज्युनिअर नव्हताच असं असेल, तर ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टरशी आणि भूलतज्ज्ञांशी गप्पा मारा. भूलतज्ज्ञ पाच हॉस्पिटलं फिरतात, त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

तिसरी पायरी : पैशाचं गणित, दोन्ही बाजूंनी

स्वतःला काय मिळेल एवढंच बघून ज्युनिअर बोलणी हरतो. समोरच्याला काय उरतं हेही मांडता आलं पाहिजे. उदाहरणादाखल एक कल्पित हिशोब करू.

संध्याकाळची ओपीडी, फी ६०० रुपये, महिन्याचे २५ दिवस. भाडं, रिसेप्शनिस्ट, वीज, सॉफ्टवेअर, सोसायटीचा मेंटेनन्स मिळून सरांचा खर्च १ लाख १० हजार. ज्युनिअरला एकूण जमेच्या ४० टक्के.

दिवसाला २० पेशंट झाले तर जमा ३ लाख. ज्युनिअरला १ लाख २० हजार. सरांकडे १ लाख ८० हजार, खर्च वजा जाता ७० हजार. कुणाचंच वाईट नाही. आता पहिल्या सहा महिन्यांतलं खरं चित्र धरा : दिवसाला ६ पेशंट. जमा ९० हजार, ज्युनिअरला ३६ हजार, आणि सरांना ५६ हजारांचा खड्डा. म्हणजे दोघंही रडतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा मजेत आहे.

इथे मिनिमम गॅरंटी कामाची. "८० हजार किंवा जमेच्या ४० टक्के, जे जास्त असेल ते." ८० हजारांना ४० टक्के गाठायला जमा २ लाख व्हावी लागते, म्हणजे दिवसाला चौदा पेशंट. या आकड्यापर्यंत सर तुमच्यात गुंतवणूक करतायत, त्यापुढे तुम्ही त्यांना कमवून देताय. चौदा हा आकडा दोघांना माहीत असला की भांडणं निम्मी होतात. गॅरंटी किती महिने, हे मात्र लिहून घ्या. माझ्या मते वर्षभर तरी हवी. तीन महिन्यांत ओपीडी सहसा उभी राहत नाही. त्यातले दोन पावसाळ्यातले असतील तर फिजिशियनची राहील, पण ऑर्थोवाल्याची राहणार नाही.

टक्केवारी ढोबळ जमेवर की खर्च वजा जाता? ज्युनिअरने ढोबळच मागावी. खर्चावर तुमचा ताबा नसतो, आणि रिसेप्शनला नवा सोफा आला तर तो तुमच्या वाट्यातून का यावा? निव्वळ नफ्यावर टक्केवारी पार्टनरला शोभते, कारण पार्टनरला खर्चाच्या वह्या उघडून बघायचा हक्क असतो.

आयपीडीत (दाखल पेशंटच्या कामात) तीन प्रश्न, आणि तिन्ही आधी विचारायचे. एक, मेडिक्लेमच्या केसचे पैसे मला बिल झाल्यावर मिळणार की टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) आल्यावर? कॅशलेसचे पैसे यायला आठवडे, कधी महिने लागतात. दोन, टीपीएने कापाकापी केली तर ती कोणाच्या वाट्यातून? डिस्चार्ज समरीत तुमची चूक असेल तर तुमच्या, एरवी हॉस्पिटलच्या, असं साधं सूत्र मी सुचवतो. तीन, सरकारी विमा कंपन्यांच्या पीपीएन पॅकेजमध्ये (हॉस्पिटलांशी आधीच ठरवलेल्या दरांत) आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या केसमध्ये सर्जनची फी किती धरता? या पॅकेजमध्ये मुळातच कमी असतं, आणि नेमक्या याच केसेस ज्युनिअरकडे येतात. त्याला माझी हरकत नाही, हात त्यातच बसतो. पण "योजनेची केस आहे, यात तुला काय देणार" हे ऐकून घेऊ नका. कमी द्या, शून्य नको.

शस्त्रक्रियेच्या फीची वाटणी करताना "पेशंट कोणाचा" हा प्रश्न मी विचारतच नाही. काम कोणी केलं आणि रात्री जबाबदारी कोणाची, एवढंच बघतो. केस सरांनी केली, तुम्ही असिस्ट केलं : ठरलेली असिस्टन्स फी, दर केसला, महिन्याच्या रकमेत मुरवून न टाकता. तुम्ही केली आणि सर हात धुऊन समोर उभे राहिले : निम्मी-निम्मी, कारण निम्मी जोखीम त्यांचीही आहे. तुम्ही केली आणि सर त्या दिवशी पुण्याला होते : सर्जनची फी तुमची, सेंटरला ओटीचा खर्च वेगळा मिळतोच. पेशंटची रात्रीची राउंड, ड्रेसिंग, नातेवाईकांशी बोलणं आणि डिस्चार्ज समरी हेही काम आहे, त्याचे पैसे असतात. ते 'सवयीनं होतं' म्हणून फुकट धरलं जातं.

चौथी पायरी : हिस्सा आणि कट यांतली रेघ

पेशंट कोणाचा हे मी का विचारत नाही, त्याचं कारण फक्त तत्त्वाचं नाही, नियमाचंही आहे. २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत पेशंट पाठवल्याबद्दल, सुचवल्याबद्दल किंवा मिळवून दिल्याबद्दल कमिशन, भेट, बोनस घ्यायला आणि द्यायला साफ मनाई आहे. तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यालाही तोच नियम. पण त्याच नियमात एक वाक्य ज्युनिअरच्या बाजूने आहे : आपल्या देखरेखीखाली उपचार करणाऱ्या पात्र व्यक्तीला डॉक्टरने पगार द्यायला त्याने आडकाठी नाही. केलेल्या कामाचे पैसे, हो. माणूस आणून दिल्याचे पैसे, नाही. तुमच्या करारातली प्रत्येक ओळ या रेघेच्या कुठल्या बाजूला पडते ते बघा. "ओपीडीतून किती ॲडमिशन काढल्या" किंवा "एमआरआय किती गेले" यावर बोनस ठेवला असेल तर ती ओळ खोडायला लावा.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिस (पेशंट पाठवल्याचं कमिशन) रोखण्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मसुदा झाला, गाजला, आणि पुढे सरकला नाही. आचारनियम मात्र लागू आहेत, आणि तक्रार झाली तर कौन्सिलपुढे उभं राहायचं असतं ते ज्याच्या नावचा नोंदणी क्रमांक आहे त्याला.

व्यवहारात हे असं समोर येतं : महिनाअखेरीला सर म्हणतात, "आपल्या जीपी मंडळींना जरा भेटून ये", आणि त्या फॅमिली डॉक्टरांसाठी हातात पाकिटं देतात. नकार देताना भाषण देऊ नका. "सर, पाकिटांचं माझ्याकडून नको. पण त्यांच्या प्रत्येक पेशंटचं डिस्चार्जनंतर पत्र आणि फोन मी करतो." आणि तो खरंच करा. माझा अनुभव असा की आपला पेशंट परत आपल्याकडे धाडला जातो, सोबत दोन ओळींची चिठ्ठी असते, हे जीपीला फार आवडतं. आणि हे करणारे इतके थोडे आहेत की तुमचं नाव लक्षात राहतं.

पाचवी पायरी : शिकवण मागून घ्या, वेळापत्रकासह

"सरांकडे बघून बघून शिकशील" हे शिकवणं नाही. रेसिडेन्सीत बघून शिकण्याइतके पेशंट होते, खासगीत नाहीत. इथे शिकवणं ठरवून करावं लागतं. बोलणी करताना मी पुढच्या गोष्टी मागायला सांगतो.

पहिले दोन-तीन आठवडे सरांच्या खोलीत बाजूची खुर्ची. औषधं तुम्हाला येतातच. बघायचं ते वेगळं : सर फी कशी सांगतात, ऑपरेशन नको म्हणणाऱ्याला किती वेळ देतात, नको असलेली तपासणी मागणाऱ्याला कसं परतवतात, चुलत भावाने यूट्यूबवर बघितलेल्या उपचारावर काय बोलतात. हे कुठल्याच परीक्षेला नसतं.

मग पायऱ्या. असिस्ट, मग सर असिस्टंट आणि तुम्ही ऑपरेटर, मग सर ओटीच्या बाहेर चहा पीत, मग सर फोनवर. प्रत्येक पायरी साधारण कधी, हे बोलून घ्या. तारखा चुकल्या तरी चालेल, "तू अजून तयार नाहीस" हे दोन वर्षं ऐकण्यापेक्षा बरं. आणि खरंच तयार नसाल तर नेमकं काय कमी पडतंय हे सांगणं सरांचं काम आहे. फिजिशियन मंडळींनी यात आयसीयूचे निर्णय धरावेत : व्हेंटिलेटर कधी, नेफ्रोला (किडनीच्या डॉक्टरला) कधी बोलवायचं, आणि कुठल्या क्षणी पेशंट मोठ्या हॉस्पिटलला हलवायचा.

आठवड्यातला एक तास, ठरलेल्या वारी, दुपारच्या ओपीडी-ओटीच्या मधला. अडलेल्या दोन केसेस, बस. फोन बंद. हा तास तीनदा लागोपाठ बुडाला की समजायचं शिकवणीच्या खात्यात पैसे येणं थांबलं, आणि तसं नम्रपणे बोलून दाखवायचं.

एक वही ठेवा. तारीख, केस, मी काय केलं, सरांनी काय बदललं. पेशंटचं नाव नको. वर्षअखेरीला रक्कम वाढवून मागताना, आणि पुढे कुठे अर्ज करताना, "भरपूर काम केलं" यापेक्षा ही वही जास्त बोलते. कौन्सिलच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत सीएमईचे (डॉक्टरांच्या पुढच्या प्रशिक्षणाचे) गुण लागतातच, कॉन्फरन्सच्या रजा कोणाच्या खात्यात हेही याच बैठकीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फुकट असतं आणि सगळ्यात कमी मिळतं : ओळख. ज्या घरातल्या आजी, सून आणि नातू तिघं एकाच दवाखान्यात येतात तिथे तुम्ही खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न येतो, "मोठे डॉक्टर कधी येणार?" तुम्ही छोटे डॉक्टर. वय पस्तीस असलं तरी छोटेच. हे तुम्हाला स्वतःच्या बळावर बदलता येत नाही, ते सरांच्या एका वाक्याने बदलतं : "हे माझे सहकारी. मी बघितलं असतं तरी हेच लिहिलं असतं." हे वाक्य पेशंटसमोर दहा वेळा म्हणणारे सर मिळाले तर पाच-दहा हजार कमी घेतले तरी चालतील, असं म्हणायचा मोह मला होतो. पण मग मी माझंच म्हणणं मोडीन. तेव्हा दोन्ही मागा. आणि सरांना एवढीही विनंती करा की तुमची चिठ्ठी पेशंटसमोर खोडू नये. बदल हवा तर फोन करावा, तुम्ही स्वतः बदलून द्याल. एकदा खोडलेली चिठ्ठी सोसायटीच्या लिफ्टमध्ये चार मजले चढते.

कॉम्प्लिकेशनच्या रात्री काय? हे आधी ठरतं, त्या रात्री नाही. सर फोन उचलणार का, किती वेळात येणार, नातेवाईकांशी कोण बोलणार. नातेवाईक चिडून आले तर ज्युनिअरला एकट्याने पुढे करायचं नाही, हा नियम मी माझ्याकडे पहिल्या दिवशी सांगतो. हिंसा झाली तर २०१० च्या राज्य कायद्याखाली गुन्हा नोंदवता येतो, पण तक्रार हॉस्पिटलने द्यायची, एकट्या ज्युनिअरवर सोडायची नाही. हेही आधी विचारून ठेवा.

सहावी पायरी : तुमची सही

चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशाच्या पावतीवर नोंदणी क्रमांक ज्याचा, जबाबदारी त्याची. म्हणून सरांच्या आधीच सही केलेल्या लेटरहेडवर औषधं लिहायची नाहीत, आणि आपली कोरी सही कुणाला द्यायची नाही. टीपीएच्या फॉर्मवरसुद्धा नाही. ही सवय इतकी सर्रास आहे की नकार दिला तर तुम्ही विचित्र ठरता. ठरा.

संमतीपत्रावर ऑपरेशन कोण करणार त्याचं नाव असू द्या. पेशंटला सर करणार असं वाटतंय आणि टेबलाशी तुम्ही आहात, ही फसवणूक आहे, आणि प्रकरण बिघडलं तर तिचा फटका तुम्हालाच बसेल. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी घेतलेली संमती ऑपरेशनला चालत नाही. ती वेगळी घ्यावी लागते.

डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे, आणि तक्रारीत सहसा हॉस्पिटल, सर आणि ज्युनिअर तिघांचीही नावं घातली जातात. हॉस्पिटलची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, स्वतःच्या नावाची इन्डेम्निटी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) घ्या आणि तिचा हप्ता सरांनी भरावा ही मागणी अगदी रास्त आहे. या पॉलिसी बहुधा 'दावा केव्हा आला' यावर चालतात, उपचार केव्हा झाला यावर नाही. म्हणून नोकरी बदलली तरी नूतनीकरणात खंड पडू देऊ नका.

स्त्रीरोग आणि रेडिऑलॉजीवाल्यांना एक ओळ : पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायदा) नोंदणीत तुमचं नाव नसलेल्या सोनोग्राफी मशीनवर "जरा बघून दे ना" म्हणून प्रोब हातात घ्यायचा नाही. कुणी सांगितलं तरी.

सातवी पायरी : कागद

वकिलाकडे जाऊन वीस पानी करार करायची गरज नाही. दोन पानं पुरतात : वेळ, दिवस, ठिकाणं (दुसरीकडे प्रॅक्टिस करायची मुभा आहे का), रक्कम किंवा टक्केवारी आणि ती कशावर, किती तारखेला, असिस्टन्स फी, रात्रीच्या कॉलची फी, रजा आणि रजेतली बदली, विम्याचा हप्ता, शिकवणीचा तास, वर्षाने फेरविचार, दोन्हीकडून सारखीच नोटीस. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या की झालं.

एक कलम हमखास येतं : "सोडल्यावर तीन वर्षं पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही." १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार कुणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सहसा रद्दबातल ठरतो. गुडविल विकली असेल किंवा तुम्ही पार्टनर असाल तर गोष्ट वेगळी, तिथे वाजवी बंधन टिकू शकतं. म्हणून असोसिएट असताना हे कलम बघून घाबरू नका, आणि पार्टनरशिपचा कागद मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

सर कागदच नको म्हणाले तर? "आपल्यात कागद कशाला" हे ठाण्यात अजून ऐकू येतं, आणि म्हणणारा बरेचदा मनाने चांगला असतो. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहा :

"सर, आज वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. बोललो त्याप्रमाणे १ तारखेपासून सोम ते शनि संध्याकाळी ५ ते ९ येतो. पहिलं वर्ष ८० हजार किंवा ढोबळ जमेच्या ४० टक्के, जास्त असेल ते, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. असिस्टन्स वेगळा. गुरुवारी दुपारी केस डिस्कशन. माझ्या लक्षात काही चुकीचं राहिलं असेल तर सांगा."

सरांचा अंगठा आला, की तुमच्याकडे कागद आहे.

सिनियर वाचत असतील तर

थोडंच सांगतो. ज्युनिअरला हिशोब दरमहा दाखवा, न मागता : किती पेशंट, किती जमा, किती येणं बाकी. रक्कम कमी असली तरी माणूस टिकतो, आकडे लपवले की जातो. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी, आणि करारावरची किंवा शिकाऊ डॉक्टर मुलगीही त्या कायद्याच्या कक्षेत येते. आणि तो किंवा ती एक दिवस समोरच्या सेक्टरमध्ये स्वतःचं क्लिनिक काढणार आहे हे पहिल्याच दिवशी गृहीत धरा. ज्यांनी ते हसत स्वीकारलं त्यांच्या अवघड केसेसना आज असिस्ट करायला जुने ज्युनिअर गाड्या काढून येतात.

शेवटची पायरी : निघताना

नोटीस लेखी द्या आणि कारण छोटं ठेवा. पेशंटच्या नंबरांची यादी काढून घेऊन जाऊ नका. आचारनियमांत बदली डॉक्टरासाठी स्पष्ट सांगितलंय की मूळ डॉक्टर परत आल्यावर त्याचे पेशंट त्याच्याकडे सुपूर्द करायचे. असोसिएटलाही भावना तीच लागू पडते. पण तुम्ही कुठे बसता हे विचारणाऱ्या पेशंटला खरं उत्तर देणं यात काही गैर नाही, आणि रिसेप्शनवर तुमच्याबद्दल काय सांगायचं हे सरांशी आधीच ठरवून घ्या. "डॉक्टर बाहेरगावी गेलेत" असं वर्षभर सांगणारी रिसेप्शन असतात.

तुम्ही केलेल्या केसेसचे कागद हॉस्पिटलकडे राहतात. आंतररुग्णांचे किमान तीन वर्षं ठेवायचा आणि पेशंटने मागितल्यास ७२ तासांत द्यायचा नियम आहे. पुढे तक्रार आली तर ते तुम्हालाही बघायला मिळतील, एवढी ओळ निरोपाच्या पत्रात टाका आणि पोच घ्या.

मेडिक्लेमचे पैसे तुम्ही गेल्यावरही येत राहतात. निघायच्या दिवशी येणं बाकी असलेल्या केसेसची यादी करा : आयपी नंबर, तारीख, टीपीए, तुमचा वाटा. दोन प्रती, दोन्हींवर अकाउंट्सची सही. मग दर महिन्याच्या दहा तारखेला एक सभ्य मेसेज, आणि वर्ष संपल्यावर आयकराच्या पोर्टलवर जाऊन कापलेला टीडीएस खरंच तुमच्या पॅनवर भरला गेला का ते बघून घ्या.